घर विकले, ते लिंबामुळे का?

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी, दूरवर प्रसिद्ध आहे. येथील अनेक घरांत एका खोलीत संसार आणि दुसऱ्या खोलीत चांदीचे काम चालते. म्हणजे घर हाच निवारा आणि घर हाच कारखाना. या गावाची एक सवय फार चांगली आहे. चांदी कोणीही आणून दिली, तरी तिचा टंच काढल्याशिवाय, म्हणजे तिच्यात शुद्ध चांदी किती आणि भेसळ किती हे तपासल्याशिवाय, कारागीर ती घेत नाही. देणारा कितीही जवळचा असला, तरी नियम तोच.

पण घर विकायची वेळ आली, की टंच काढण्याची ही सवय आपण विसरतो. हे केवळ हुपरीत होते असे नाही. महाराष्ट्रात कोठेही जा, तोडगे तेच ऐकू येतात. दारावर लिंबू-मिरची टांगा. काळी बाहुली बांधा. घराची दृष्ट काढा. अमावास्येला बोलणी करू नका. किंमत ठरवताना शेवटी एक रुपया वाढवा. दूर अमेरिकेतही घर लवकर विकले जावे म्हणून संत जोसेफ यांची लहानशी मूर्ती अंगणात उलटी पुरण्याची रूढी आहे, आणि त्यासाठी लागणारी मूर्ती दुकानात विकतही मिळते!

आता तुम्ही विचाराल, "पण आमच्या शेजाऱ्यांनी लिंबू टांगले आणि दहा दिवसांत गिऱ्हाईक आले, त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. तो नीट तपासून पाहू.

दहा दिवसांचे रहस्य

समजा, एक घर भाद्रपद महिन्यात विकायला काढले. पितृपंधरवडा सुरू झाला आणि गिऱ्हाइकांची ये-जा थांबली. पितृपक्षात घर, जमीन, दागिने घेऊ नयेत अशी समजूत असल्याने खरेदीदारही घरीच बसतात. घरमालक काळजीत पडतो. कोणीतरी सुचवते म्हणून तो सर्वपित्री अमावास्येला दारावर लिंबू-मिरची टांगतो. दुसऱ्या दिवशी घटस्थापना होते, आणि दहाव्या तिथीला दसरा येतो. दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. पंधरा दिवस थांबून राहिलेले खरेदीदार आता बाहेर पडतात. घराचा सौदा होतो आणि श्रेय मिळते लिंबाला!

लिंबू नसते, तरी गिऱ्हाईक आलेच असते. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या, एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. कोंबडा आरवतो आणि मग सूर्य उगवतो. म्हणून कोंबडा सूर्याला उगवायला लावतो, असे आपण म्हणत नाही.

आठ कबुतरे

माणूस असा का फसतो? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी भुकेली कबुतरे पिंजऱ्यात ठेवली आणि ठराविक वेळाने त्यांच्यापुढे आपोआप दाणे येतील अशी व्यवस्था केली. कबुतराने काहीही केले किंवा न केले, तरी दाणे येणारच होते. पण आठांपैकी सहा कबुतरांना निरनिराळ्या लकबी जडल्या. एक पिंजऱ्यात गोल फिरू लागले, दुसरे वरच्या कोपऱ्याकडे मान उंचावू लागले. स्किनर यांनी अर्थ लावला तो असा : दाणे आले तेव्हा पक्षी योगायोगाने जे करत होता, तेच तो पुन्हा पुन्हा करू लागला. पुढे इतर संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला. त्यातल्या काही हालचाली भुकेल्या पक्ष्याच्या स्वाभाविक हालचाली असाव्यात, असे मत त्यांनी मांडले. विज्ञानाची रीत ही अशी असते. प्रसिद्ध शास्त्रज्ञाचाही टंच काढला जातो.

चार रकाने

तोडग्याची परीक्षा करण्याची रीत सोपी आहे. समजा, एका भागात १०० घरे विकायला आहेत. ६० मालकांनी तोडगा केला, ४० जणांनी केला नाही. सहा महिन्यांनी आपण मोजणी केली :

तोडगा केला, घर विकले – ३०
तोडगा केला, घर विकले नाही – ३०
तोडगा केला नाही, घर विकले – २०
तोडगा केला नाही, घर विकले नाही – २०

दोन्ही गटांत निम्मीच घरे विकली गेली. म्हणजे तोडग्याचा परिणाम शून्य. पण गावात चर्चा होते ती फक्त पहिल्या रकान्यातील ३० घरांची. दुसऱ्या रकान्यातील मालक गप्प बसतात, आणि उरलेल्या दोन रकान्यांची कोणी आठवणच काढत नाही. एका रकान्यावरून निर्णय घेणे म्हणजे चांदीचा ढेकूळ फक्त चमकतो म्हणून शुद्ध मानण्यासारखे आहे.

दक्षिणेचे दार

आता एक अवघड गोष्ट पाहू. दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून दक्षिणेकडे दार असलेले घर अनेकजण नको म्हणतात. भूगोल काय सांगतो? हुपरी सुमारे साडेसोळा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश दक्षिणेला असतो. तेव्हा भर दुपारी हुपरीत सूर्याची उंची ९० – १६.५ – २३.५ = ५० अंश असते, आणि तो दक्षिणेकडे असतो. म्हणजे थंडीच्या दिवसांत दक्षिणेच्या दारातून उजेड आणि ऊब आत येते. २१ जूनच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर, ८३ अंशांवर आणि किंचित उत्तरेला असतो. त्याचे ऊन दक्षिणेच्या दारातून आत शिरत नाही. दार दक्षिणेला असण्यात तोटा नाही, उलट सोयच आहे.

जागेच्या आकाराचेही तसेच. पुढे अरुंद व मागे रुंद ती गोमुखी जागा, ती राहण्यास चांगली. पुढे रुंद व मागे अरुंद ती व्याघ्रमुखी, ती दुकानास चांगली, असे मानतात. मग जिथे घर आणि कारखाना एकच असतो, त्या हुपरीतल्या घराला कोणता नियम लावायचा?

तरीही अशा घरांना कमी भाव येतो, हे खोटे नाही. कारण दिशा नव्हे, तर खरेदीदारांची समजूत. याचा पुरावा कॅनडात मिळतो. चिनी भाषेत 'चार' या शब्दाचा उच्चार 'मृत्यू' या शब्दाच्या जवळचा आहे, आणि आठ हा अंक भाग्याचा मानतात. व्हँकूव्हर शहराच्या परिसरातील घरविक्रीचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्या वस्त्यांत चिनी लोकांचे प्रमाण जास्त होते, तेथे शेवटी ४ हा अंक असलेल्या क्रमांकाची घरे सुमारे २.२ टक्के स्वस्त, तर शेवटी ८ असलेली सुमारे २.५ टक्के महाग विकली गेली होती. घराच्या भिंती त्याच, पण पाटीवरच्या आकड्याने किंमत बदलली. समजूत खोटी असली, तरी तिच्यामुळे होणारे नुकसान खरे असते.

नुकसान किती?

एखाद्या कुटुंबावर दहा लाख रुपयांचे कर्ज आहे आणि व्याज वर्षाला १२ टक्के आहे, असे समजा. दरमहा व्याजच १०,००० रुपये होते. तोडग्याचा गुण येण्याची वाट पाहत सहा महिने गेले, की ६०,००० रुपये गेले. आणि घर न विकण्याची खरी कारणे तशीच राहतात : किंमत जास्त सांगितलेली असते, वारसांची नोंद झालेली नसते, मिळकतीवर कर्जाचा बोजा असतो, किंवा पावसाळ्यात भिंतीला ओल येते.

याहून वाईट म्हणजे दोष माणसांवर येतो. घर 'बाधिक' आहे अशी कुजबुज सुरू होते, किंवा नव्या सुनेचा पायगुण काढला जातो. कोणी भोंदू घराखाली गुप्तधन असल्याचे सांगून कुटुंबाला लुबाडतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि अशा फसवणुकीविरुद्ध कायदा व्हावा म्हणून अनेक वर्षे प्रयत्न केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. गुप्तधनासाठी केलेली अमानुष, अघोरी कृत्ये या कायद्याने गुन्हा ठरतात. दारावर लिंबू टांगणे हा काही गुन्हा नाही, आणि किमतीत एक रुपया वाढवल्याने कोणाचे बिघडतही नाही. पण त्या लिंबावर विसंबून ओली भिंत आणि अपुरे कागद तसेच ठेवले, तर बिघडते.

करून पाहा

वर्गातील ४० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक तोडगा कागदावर लिहावा. कितीही विचित्र चालेल. मग प्रत्येकाने नाणे उडवावे. छापा पडला तर 'घर विकले', काटा पडला तर खाली बसावे. साधारण २० जण उभे राहतील. त्यांनी पुन्हा नाणे उडवावे. सुमारे १० उरतील. तिसऱ्या वेळी सुमारे ५. या पाच जणांचा तोडगा 'तीनदा लागू पडला' आहे! त्यांचे कागद मोठ्याने वाचा, आणि मग बसलेल्या ३५ जणांचेही वाचा. घरी कोणी तोडग्याचा अनुभव सांगितला, तर या ३५ जणांची आठवण ठेवा, आणि नम्रपणे विचारा, "हाच तोडगा करूनही ज्यांचे घर विकले गेले नाही, असे किती?"