गळती शोधणाऱ्याचीच दुरुस्ती

मोबाइल संथ झाला की घरात कोणीतरी हमखास सांगते, ‘एकदा बंद करून चालू कर.’ पुष्कळदा गुण येतोही. त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणजे मेमरीची गळती. कोणताही प्रोग्रॅम चालताना लागेल तशी मेमरी मागून घेतो आणि काम संपले की परत करतो, निदान करायला हवी. परत करायची राहून गेली आणि घेतलेल्या तुकड्याचा पत्ताही प्रोग्रॅमजवळ उरला नाही, तर तो तुकडा कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. ‘गळती’ हा शब्द तसा थोडा फसवाच. नळाच्या पाण्यासारखे इथे काही बाहेर सांडत नाही. ग्रंथालयाच्या वहीत पुस्तक ‘दिले आहे’ अशी नोंद असावी, पण कोणाला दिले ते कोणालाच ठाऊक नसावे, तसा हा प्रकार.

एखाद्या ॲपमध्ये अशी गळती असली तर नुकसान मर्यादित राहते. ॲप बंद होताच ऑपरेटिंग सिस्टीम त्याला दिलेली मेमरी काढून घेते. पण गळती ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये असेल तर? (हा कर्नल लष्करातला नव्हे, बीच्या आतल्या गराला इंग्रजीत असलेला हा शब्द.) मेमरी वाटणारा कर्नलच असल्याने त्याच्याकडे हिशेब मागणारा वर कोणी नाही. त्याने हरवलेला तुकडा यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत हरवलेलाच. दर सेकंदाला अवघे १०० बाइट गळत असतील, तर दिवसाला ८६ लाख बाइट होतात. महिनोन्‌महिने न थांबता चालणाऱ्या सर्व्हरवर ही गळती साचत जाते. मेमरी संपत आली की लिनक्सचा कर्नल चालू प्रोग्रॅमपैकी एखादा निवडून जबरदस्तीने बंद करतो, आणि पाहणाऱ्याला दोष त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमचा वाटतो. बाहेरून मुद्दाम घडवून आणता येईल अशी गळती असेल, तर ती सर्व्हर पाडण्याचे हत्यारही बनते.

अँड्रॉइड फोन लिनक्सच्या कर्नलवर चालतात, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. या कर्नलमधली गळती शोधण्यासाठी कॅटालिन मरिनास यांनी लिहिलेले ‘केमेमलीक’ हे साधन २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.३१ या आवृत्तीत आले. त्याची युक्ती समजायला सोपी आहे. कर्नलने मेमरीचा तुकडा घेतला की केमेमलीक त्याचा पत्ता, आकार आणि तो कोणत्या वाटेने घेतला गेला याची नोंद करून ठेवते. मग साधारण दर १० मिनिटांनी ते मेमरी चाळते. कर्नलचा कायमचा डेटा आणि चालू कामांच्या जागा इथून सुरुवात होते. तिथल्या एखाद्या आकड्याशी नोंदवलेल्या तुकड्याचा पत्ता जुळला, तर त्या तुकड्याची कोणाला तरी आठवण आहे असे मानायचे. मग त्या तुकड्याच्या आत डोकावायचे, तिथे सापडलेल्या पत्त्यांवर जायचे, आणि असेच पुढे. शेवटी ज्याचा पत्ता कुठेच सापडला नाही, तो संशयित. नुकताच, म्हणजे पाच सेकंदांच्या आत घेतलेला तुकडा संशयातून वगळतात, कारण त्याचा पत्ता अजून कुठे तरी वाटेतच असू शकतो.

हे साधन संशयिताची मेमरी परस्पर मोकळी करत नाही, फक्त कळवते. हा शहाणपणाचा भाग आहे, कारण अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. एखादा साधाच आकडा योगायोगाने पत्त्यासारखा दिसला तर खरी गळती सुटते. पत्ता काही गणित करून वेगळ्या रूपात साठवला असेल तर निर्दोष तुकड्यावर आळ येतो.

अडचण पहाऱ्याच्या खर्चाची होती. मोठ्या सर्व्हरवर केमेमलीकच्या यादीत लाखो नोंदी होतात. यादी वाचून होईपर्यंत केमेमलीक प्रोसेसर सोडत नसे. लिनक्समध्ये आणखी एक पहारेकरी असतो. एखाद्या प्रोसेसरवर एकच काम २० सेकंदांहून अधिक वेळ ठाण मांडून बसले, तर तो ‘प्रोसेसर अडकला’ अशी हाकाटी करतो. मोठ्या यंत्रांवर चाचणीच्या वेळी ही हाकाटी होऊ लागली. आजार शोधणारी तपासणीच रुग्णाला दमवत होती म्हणा ना.

रेड हॅटचे अभियंते वेमन लाँग यांनी २०२२ मध्ये त्यावर उपाय केला. यादी वाचताना दर ६५,५३६ नोंदींनंतर थोडे थांबायचे, दुसऱ्या कामांना वाट द्यायची आणि मग पुढे जायचे. थांबण्यापूर्वी हातातली नोंद धरून ठेवायची, म्हणजे परत आल्यावर ती जागेवर असेल. पुढे कळले की चाळणीच्या पहिल्या फेरीत ही सोय करून भागत नाही, नंतरच्या फेऱ्याही अडकतात. तेव्हा तिथेही थांबे आले. मात्र पहिल्या फेरीत काही नोंदी आधीच धरलेल्या असत, बाकीच्या फेऱ्यांत नसत. त्यामुळे थांबा घेणाऱ्या त्या छोट्याशा फंक्शनला दर वेळी वेगळे सांगावे लागे, ‘ही नोंद आधीच धरली आहे’ किंवा ‘नाही’. वर ६५,५३६ ची मोजणी होतीच. प्रत्येक ठिगळाला कारण होते, पण वाचणाऱ्याला सगळे एकदम डोक्यात ठेवणे जड जाऊ लागले.

आणि मग दुसऱ्याच एका साधनाने केमेमलीकला पकडले. ‘केसॅन’ हे २०१५ पासून कर्नलमध्ये असलेले साधन मेमरीचा चुकीचा वापर शोधते. परत केलेल्या मेमरीला केमेमलीक हात लावत आहे, असे त्याने दाखवून दिले. ही गळतीच्या उलट जातीची चूक, आणि अधिक घातक. परत केलेली जागा एव्हाना दुसऱ्या कोणाला दिलेली असू शकते. हल्लेखोर अशाच फटी शोधत असतात. हरवलेल्या घरांची मोजदाद करायला निघालेला माणूस पाडून टाकलेल्या घरात शिरावा, तसे हे झाले.

चूक कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. यादीतल्या प्रत्येक नोंदीला फक्त शेजारच्या नोंदींचे पत्ते ठाऊक असतात. घरोघरी फिरणाऱ्या प्रगणकाला प्रत्येक घरात फक्त पुढच्या घराचा पत्ता मिळावा, तसेच. प्रगणक एका घरात विसाव्याला थांबला. ते घर पाडायचे नाही, एवढे त्याने पक्के करून घेतले होते. पण तेवढ्यात ते घर यादीतून वगळले गेले. यादीतल्या घरांना शेजारचे घर पडले की नवा पत्ता कळवला जातो. वगळलेल्या घराला कोण कळवणार? नंतर पुढचे घर पडले. विसावा संपवून प्रगणक निघाला तो हातातल्या जुन्या पत्त्याने, थेट पडक्या जागेवर. नोंद धरून ठेवली होती, पण यादीतले तिचे स्थान कोणी धरून ठेवले नव्हते. थांब्याच्या कोडमध्ये ‘धरली आहे की नाही’ याचीच इतकी चर्चा होती की धरणे पुरेसे आहे का, हा प्रश्न मागे पडला असल्यास नवल नाही.

२०२३ च्या सुरुवातीला लाँग यांनीच दोन बदल एकत्र पाठवले. पहिला सुटसुटीतपणाचा. ‘आधीच धरली आहे का’ ही भानगड काढून टाकली. थांबायचे असेल तर नोंद दर वेळी नव्याने धरायची आणि निघताना सोडायची. आधीच धरलेली नोंद पुन्हा धरल्याने थोडे काम वाढते, पण सगळ्या फेऱ्यांना एकच नियम लागतो. ६५,५३६ ची मोजणीही गेली. त्याऐवजी कर्नललाच विचारायचे की दुसरे कोणी प्रोसेसरसाठी ताटकळत आहे का. असेल तरच थांबायचे. दुसरा बदल मूळ चुकीवरचा. थांबण्यापूर्वी नोंदीवर ‘यादीतून काढू नये’ अशी खूण करायची. विसाव्यादरम्यान ती काढण्याची पाळी आली, तर तेवढे टिपून ठेवायचे आणि नोंद यादीत राहू द्यायची. जागे झाल्यावर केमेमलीक स्वतःच ती काढून टाकते आणि पुढे जाते.

केमेमलीकची अशी साफसफाई पहिल्यांदाच झाली नव्हती. यंत्र सुरू होताना, केमेमलीक पुरते जागे होण्याआधी, कर्नल बरीच मेमरी घेऊन मोकळा झालेला असतो. हे व्यवहार आधी एका ठरावीक आकाराच्या तात्पुरत्या वहीत टिपत आणि नंतर उतरवून घेत. वहीत मुळात ४०० नोंदींची जागा होती. ती भरली की केमेमलीक स्वतःला बंदच करून घेई, आणि गळती शोधायला बसलेल्याला आधी वहीची पाने वाढवत बसावे लागे. २०१९ मध्ये मरिनास यांनी ती वहीच रद्द केली. नोंदींसाठी काही मेमरी आधीच राखून ठेवली, म्हणजे पहिल्या क्षणापासून थेट मुख्य यादीतच नोंद होऊ लागली. उतरवून घेण्याचा सगळा कोड त्याबरोबर निघून गेला. पुढे केमेमलीकला ऐनवेळी मेमरी मिळाली नाही तर हाच राखीव साठा कामी येतो.

एवढे करूनही केमेमलीक वापरातल्या फोनवर किंवा सर्व्हरवर सहसा चालू नसते. प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवायची म्हणजे वेग घटतो आणि मेमरीही लागते. ते चालते चाचणीच्या यंत्रांवर, नवा कोड बाहेर पडण्याआधी. तिथे संशयित सापडला की अहवालात त्या तुकड्यातले पहिले ३२ बाइट छापून येतात, आणि त्याखाली ती मेमरी कोणकोणत्या फंक्शनांतून मागितली गेली त्यांची उतरंड. बहुतेकदा दोषी ओळ तिथून फार लांब नसते: काहीतरी बिनसले म्हणून काम अर्ध्यावर सोडले, आणि सोडताना घेतलेले परत करायचे राहून गेले.