दुकानामागचे हनोई

व्हिएतनामच्या राजधानीतील जुन्या व्यापारपेठेत रस्त्यांची नावे वाचली तरी मालाची यादी हाती येते. ‘हांग’ म्हणजे विक्रीचा माल. हांग बाक ही चांदीची, हांग दाओ रेशमाची, तर हांग मा पूजेच्या कागदी वस्तूंची. एकेका गावचे कारागीर एकेका रस्त्यावर येऊन स्थिरावले आणि पेठ उभी राहिली. झवेरी बाजार किंवा तांबट आळी पाहिलेल्या वाचकांना ही रचना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

येथील घरे मात्र विलक्षण. दर्शनी रुंदी जेमतेम तीन-चार मीटर. खोली कित्येक पट. म्हणून त्यांना ‘नळीघरे’ म्हणतात. पुढे दुकान, मग उजेड-वाऱ्यासाठी उघडा चौक, त्यामागे राहण्याच्या खोल्या आणि शेवटी स्वयंपाकघर. बँकेत तारण मालमत्तेचे मूल्यांकन पाहताना आमची नजर प्रथम दर्शनी रुंदीवर जाई. कारण बाजारपेठेत किंमत असते ती रस्त्याला लागून असलेल्या फुटांना. हनोईतील ‘दडलेल्या’ कॉफीगृहांचे कोडे याच हिशेबाने सुटते. दर्शनी जागा महाग, ती विक्रीला. मागचा चौक आणि वरचा मजला कॉफीला. पर्यटकाला ज्यात गूढरम्यता दिसते, ती मुळात व्यापाऱ्याची काटकसर आहे.

हांग गाई रस्त्यावरील ‘फो को’ कॉफीगृहात जायचे तर एका दुकानातून आत शिरावे लागते. अरुंद बोळ संपताच चौक लागतो, आणि जिने चढून गेल्यावर गच्चीवरून होआन किएम तलाव दिसतो. रस्त्यावरील मोटारसायकलींचा कल्लोळ आतल्या चौकात जवळजवळ ऐकू येत नाही. न्गुयेन हू हुआन रस्त्यावरील ‘झांग’ हेही असेच बोळातले. 1946 च्या सुमारास दुधाची टंचाई असताना मेट्रोपोल हॉटेलात काम केलेल्या न्गुयेन वान झांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक घुसळून कॉफी सिद्ध केली. तीच तेथील ख्याती. आपल्यासाठी ती अर्थातच वर्ज्य. ‘का फे देन’ म्हणजे काळी कॉफी. धातूच्या लहान गाळणीतून थेंबथेंब उतरते. कमळाच्या सुगंधाचा हिरवा चहाही उत्तम.

जेवणासाठी ‘चाय’ हा शब्द लक्षात ठेवावा. त्याचा अर्थ शाकाहारी. येथील साध्या भाजीतही मासळीचा रस, ‘नुओक माम’, असू शकतो. बौद्ध परंपरेच्या चाय भोजनालयांत तो नसतो, आणि पुष्कळ ठिकाणी कांदा-लसूणही टाळतात. कंदमुळे आणि अळंबी यांची चौकशी मात्र स्वतंत्रपणे करावी. चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक स्थानिक कुटुंबेही शाकाहार पाळतात. त्या दिवशी निवड अधिक असते.

मा मय रस्त्यावरील 87 क्रमांकाचे घर अवश्य पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे हे व्यापारी घर 1999 मध्ये दुरुस्त करून लोकांसाठी खुले झाले. त्याआधी त्यात अनेक कुटुंबे दाटीने राहत होती. आजही कित्येक बोळांत तशीच दाटी आहे. जेथे आपण छायाचित्रासाठी थबकतो, तेथे कोणाचे तरी स्वयंपाकघर सुरू असते. सकाळी सात-आठच्या सुमारास जावे. दुकानांच्या फळ्या तेव्हा नुकत्याच निघत असतात आणि घरातली वडीलधारी मंडळी उंबऱ्याशी चहा घेत बसलेली दिसतात.