कादंबरीच्या सोबतीने इंग्रजी शब्दसंपदा

दहावीची परीक्षा देऊन आपले विद्यार्थी महाविद्यालयात प्रवेश घेतात, तेव्हा त्यांना पहिला धक्का बसतो तो इंग्रजी ग्रंथांच्या भाषेचा. व्यवहारापुरते इंग्रजी त्यांना अवगत असते. अर्ज लिहिता येतो, सूचनाफलक वाचता येतो, पाठ्यपुस्तकातील धड्यांची उत्तरेही देता येतात. परंतु राज्यशास्त्राचा किंवा अर्थशास्त्राचा ग्रंथ उघडला की ओळीओळीत एखादा अनोळखी शब्द आडवा येतो आणि वाचन तेथेच अडते. यावर रूढ उपाय एकच : कठीण शब्दांच्या याद्या करणे आणि त्या पाठ करून घेणे. अभ्यासिकेत रोज वीस शब्द आणि रविवारी चाचणी, हा क्रम प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे चालविला. चाचणीत गुण चांगले पडत. महिन्याभराने तेच शब्द विचारले, तर वर्गात शांतता पसरे.

जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘ॲनिमल फार्म’ या कादंबरीत बॉक्सर नावाचा एक कष्टाळू घोडा आहे. तो मुळाक्षरे शिकू लागतो. पण पहिल्या चार अक्षरांपुढे त्याची मजल जात नाही. कधी नेटाने पुढची चार शिकलाच, तर तोवर आधीची चार विसरलेली असतात. शब्दांच्या याद्या घोकणाऱ्या आपल्या मुलांची स्थिती याहून फार निराळी नसते, आणि दोष त्यांच्या बुद्धीचा नसतो. यादीतला शब्द एकटा असतो. तो कोणी, कोणाला आणि कशासाठी उच्चारला, हे यादी सांगत नाही. कथेतला शब्द मात्र हे सारे सोबत घेऊनच भेटतो. याच कादंबरीच्या आधारे ही गोष्ट स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न आहे.

ऑर्वेल हे टोपणनाव. लेखकाचे खरे नाव एरिक आर्थर ब्लेअर. त्यांचा जन्म १९०३ साली बिहारमधील मोतिहारी येथे झाला. ‘ॲनिमल फार्म’ ऑगस्ट १९४५ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाली. (डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली, तेही हेच वर्ष. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. तरी ही जुळणी सांगितल्यावाचून राहवत नाही.) एका मळ्यावरील जनावरे जुलमी मालकाला हाकलून देऊन स्वतःचे राज्य स्थापतात आणि पुढे त्यांच्यातीलच डुकरे नवे मालक होतात, असे हे कथानक आहे. रशियन क्रांतीनंतरच्या घडामोडींवरील ते रूपक होय. परंतु तो इतिहास ठाऊक नसलेल्या मुलालाही गोष्ट पूर्ण कळते.

आपल्या कामासाठी ही कादंबरी सोयीची आहे. ती लहान आहे; अवघी दहा प्रकरणे. वाक्ये सरळ आहेत. आणि सोप्या शब्दांच्या मध्ये अधूनमधून एखादा भारदस्त शब्द असा येतो, की तो चटकन नजरेत भरतो. परकी भाषा शिकणाऱ्यांच्या वाचनाचा दीर्घकाळ अभ्यास करणारे न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांच्या मते, आधाराशिवाय मजकूर नीट समजण्यासाठी शंभरातील सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांमागे एकच अनोळखी. आपल्या नववी-दहावीच्या मुलांना आरंभी इतके प्रमाण साधणार नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणाचा आशय आधी मराठीत सांगून मग मूळ वाचावयास द्यावे. गोष्ट आधी कळल्याने वाचनाची गोडी जाईल, ही भीती अनुभवान्ती निराधार ठरली.

आता काही शब्द पाहू. सातव्या प्रकरणात कोंबड्यांची अंडी विकण्याचा निर्णय होतो आणि कोंबड्या बंड करतात. आढ्यावर चढून त्या तेथेच अंडी घालतात. अंडी खाली पडून फुटतात. मग त्यांचा दाणा बंद केला जातो. पाच दिवस त्या तग धरतात, नऊ कोंबड्या मरतात आणि अखेर उरलेल्या ‘कपिट्युलेट’ करतात. हा शब्द वाचताना शब्दकोश उघडण्याची गरजच पडत नाही. शरण जाण्याचा, नाइलाजाने अटी मान्य करण्याचा अर्थ त्या नऊ कोंबड्यांनीच सांगितलेला असतो. नंतर कोशात पाहावे, ते त्याचे कूळ जाणून घेण्यासाठी. लॅटिन भाषेत ‘कापुट’ म्हणजे डोके. त्यावरून मथळा, कलम. तहाची कलमे मथळ्यांनिशी मांडणे, हा या शब्दाचा मूळ अर्थ, त्यावरून शरणागती. कॅपिटल, कॅप्टन, इतकेच काय पण चॅप्टर हे शब्दही याच घरातले. शाळेत रोज वापरला जाणारा ‘चॅप्टर’ आणि हा अवघड शब्द भावंडे आहेत, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते, ते कोणत्याही यादीने उमटत नाही.

चौथ्या प्रकरणात जुना मालक माणसे घेऊन मळ्यावर चाल करून येतो आणि पाच मिनिटांत पळ काढतो. त्या माघारीला ऑर्वेल यांनी ‘इग्नॉमिनिअस’ म्हटले आहे. यात नकारार्थी उपसर्ग आहे आणि पुढे ‘नोमेन’, म्हणजे आपल्या ‘नाम’ शब्दाचाच लॅटिन सोयरा. ज्याचे नाव गेले असा. ‘घराण्याचे नाव घालवले’ असे आपण म्हणतो, त्यामागची कल्पना हीच.

परंतु या पुस्तकाचा खरा उपयोग याहून खोल आहे. शब्द न कळल्यामुळे माणसाचे काय होते, हाच या कथेचा गाभा आहे. डुकरे वाचायला शिकतात ती मालकाच्या मुलांनी वापरलेल्या, उकिरड्यावर फेकलेल्या एका जुन्या अंकलिपीवरून. पुढे सारी सत्ता त्या अंकलिपीतून उगवते. स्क्वीलर नावाचे बोलघेवडे डुक्कर ‘टॅक्टिक्स’ हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारते. जनावरांना त्याचा अर्थ ठाऊक नसतो. पण बोलणारा इतक्या आत्मविश्वासाने बोलत असतो आणि त्याच्या सोबतचे कुत्रे असे गुरगुरत असतात, की विचारण्याची कोणाची छाती होत नाही. नवव्या प्रकरणात डुकरे आणि कुत्रे सोडून इतरांचा शिधा कमी होतो. स्क्वीलर त्याला ‘रिडक्शन’ कधीच म्हणत नाही, ‘रीॲडजस्टमेंट’ म्हणते. कपात नव्हे, फेररचना! हे दोन शब्द शेजारी ठेवून तासभर चर्चा करता येते. वृत्तपत्रातील ‘दरवाढ’ आणि सूचनाफलकावरील ‘दरसुधारणा’ यांतील अंतर मुले मग आपली आपणच दाखवू लागतात.

शेवटच्या प्रकरणात डुकरे फाइल्स, रिपोर्ट्स, मिनिट्स आणि मेमोरँडा अशा गूढ गोष्टींवर राबत असल्याचे सांगितले जाते. मिनिट म्हणजे साठ सेकंद, हे पहिलीतील मूलही सांगेल. येथे मात्र त्याचा अर्थ सभेचे इतिवृत्त असा आहे. ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ सर्वांत जास्त फसवतो, कारण त्यासाठी कोश पाहण्याचे कोणाला सुचतच नाही.

एका शब्दाविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. तो शब्द ‘नॅकर’. म्हातारी, निकामी जनावरे विकत घेऊन मारणारा आणि कातडे, हाडे, सरस यांचा धंदा करणारा इसम. पहिल्याच प्रकरणात वृद्ध मेजर बॉक्सरला बजावतो, की अंगातली शक्ती संपली की मालक तुला त्याच्याच हवाली करील. वाचणारी मुले हा शब्द बहुधा ओलांडून जातात. आठ प्रकरणांनंतर बॉक्सर दगड ओढताना कोसळतो. उपचारासाठी म्हणून एक बंद गाडी त्याला न्यायला येते. सारी जनावरे गाडीभोवती जमून त्याला आनंदाने निरोप देत असतात. तेव्हा बेंजामिन हे गाढव, ज्याला उत्तम वाचता येत असूनही ज्याने आजवर कधी वाचण्याची तसदी घेतली नाही, ते ओरडून सांगते, की गाडीवर काय लिहिले आहे ते पाहा. म्युरिएल बकरी एकेक अक्षर जुळवू लागते. तेवढाही वेळ नसतो. बेंजामिन तिला बाजूला सारून मोठ्याने वाचते आणि गाडी चालू लागते. पहिल्या प्रकरणात ज्याने तो शब्द ओलांडला, तो वाचक येथे मागची पाने उलटतो. ते पान उलटण्याची सक्ती मला आजवर एकदाही करावी लागली नाही.

पद्धतीविषयी थोडेसे. पहिल्या वाचनात कोश मिटलेला असावा. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची बारीक खूण पुरे. दुसऱ्या वाचनात त्या खुणांपैकी निम्म्या आपोआप पुसता येतात. उरलेल्यांतही निवड करावी. ‘मँगेल-वुर्झेल’ हे गुरांना घालायच्या कंदाचे नाव पाठ करून कोणाचे भले होणार नाही; ‘कपिट्युलेट’ मात्र इतिहासाच्या ग्रंथात पुन्हा भेटेल. पुस्तकातून उच्चार कळत नाहीत, ही या मार्गातील खरी उणीव आहे, म्हणून प्रत्येक प्रकरणातील दोन पाने शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवावीत. आणि वहीत शब्दाचा अर्थ लिहिण्याऐवजी त्या शब्दाचे स्वतःच्या जीवनातील एक वाक्य लिहावयास सांगावे.

मागील वर्षी नववीतील एका मुलीने आपल्या वहीत इंग्रजीत लिहिले होते, की रविवारचा खेळाचा तास दोनावरून एकावर आला, तेव्हा सूचनाफलकावर त्याला रीॲडजस्टमेंट म्हटले होते. सूचना मीच लिहिली होती. त्या वाक्याला पूर्ण गुण द्यावे लागले.