एका रॉक तबकडीचे रसग्रहण



कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने किमान वेतनावर बोलावे. विलायती रॉक संगीताशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो वाजवीच आहे. माझे उत्तर साधे आहे. हे संगीत मला प्रथम भेटले ते यवतमाळात, टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एका मित्राच्या दुकानात. तेव्हा इंग्रजी मला येत नव्हते. ते पुढे शब्दकोश उशाशी ठेवून शिकलो. पण ठेका कळला, आणि त्या ठेक्यात मला जिनातल्या यंत्रांची लय ऐकू आली. ती तबकडी म्हणजे 'क्वीन' या ब्रिटिश वाद्यवृंदाची, १९८४ साली निघालेली 'द वर्क्स'. 'वर्क्स' या शब्दाचा एक अर्थ कारखाना असाही आहे, हे मला पुष्कळ नंतर समजले.

या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्याचे मूळ नाव फरोख बलसारा. १९४६ साली झांजिबारमध्ये एका पारशी कुटुंबात तो जन्मला, आणि शिकला मात्र आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. पियानोवर त्याचा हात तेथेच बसला आणि मित्रांबरोबर त्याने पहिला वाद्यवृंद काढला तोही तेथेच. १९६४ च्या क्रांतीनंतर त्याचे कुटुंब झांजिबार सोडून इंग्लंडला गेले. तेथे उमेदवारीच्या काळात त्याने हीथ्रो विमानतळावर सामानाची चढउतारही केली. त्याचा सहकारी ब्रायन मे जी गिटार वाजवी, ती त्याने व त्याच्या वडिलांनी घरीच, जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून घडविली होती.

ही हाताची कारागिरी ध्यानात ठेवावी, कारण तबकडीचा विषय तिच्याशी निगडित आहे. १९७० नंतरच्या दशकात हे लोक आपल्या तबकड्यांवर अभिमानाने छापीत, की यात सिंथेसायझर वापरलेला नाही. १९८० साली त्यांनी ते यंत्र स्वीकारले, आणि 'द वर्क्स'मध्ये तर यंत्राला मानाचे स्थान आहे. पहिलेच गीत 'रेडिओ गा गा' ढोल वाजविणाऱ्या रॉजर टेलरने रचले आहे. आणि गंमत अशी, की त्यात ठेका धरते ते यंत्र! चित्रवाणीने रेडिओला मागे सारले, याची हळहळ त्या गीतात आहे. पुढे 'मशीन्स' हे गीत येते. त्यात एकीकडे यंत्रातून काढलेला निर्जीव आवाज आणि दुसरीकडे गिटार व ढोल यांचा सजीव कल्लोळ, असा सामना लावलेला आहे. शब्द न कळले तरी हा सामना कानाला कळतो. ज्याने भोंग्यावर आयुष्य काढले त्याला तर तो चटकन कळतो.

तबकडीचा शेवट 'इज धिस द वर्ल्ड वुई क्रिएटेड?' या गीताने होतो. तेथे सारी यंत्रे गप्प होतात. एक गिटार आणि एक कंठ, एवढेच उरते. विषय आहे जगातील भुकेल्यांचा. ही तबकडी पहिल्या गीतापासून शेवटपर्यंत सलग ऐकावी, असा माझा आग्रह आहे तो याचसाठी. सुटी गीते ऐकणाराला यंत्राकडून माणसाकडे होणारा हा प्रवास सापडत नाही.

'रेडिओ गा गा'च्या चित्रफितीत फ्रिट्झ लांगच्या १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटातील दृश्ये आहेत. जमिनीखाली यंत्रे चालविणारे कामगार आणि वर मनोऱ्यांत राहणारे मालक, असे ते नगर. त्या चित्रफितीत रांगेने उभी माणसे डोक्यावर हात नेऊन एका तालात टाळ्या वाजवितात. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर कार्यक्रम झाला, तेव्हा सुमारे ७२,००० लोकांनी याच गीताला तशाच टाळ्या दिल्या. ज्याने मोर्चा काढला आहे, त्याला इतके हात एकदम उठणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

पण रसग्रहण म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. ऑक्टोबर १९८४ मध्ये हेच लोक दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे जाऊन गायले. वर्णद्वेषी राजवटीवर सांस्कृतिक बहिष्कार घालण्याचे संयुक्त राष्ट्रसंघाचे आवाहन असताना गायले. ब्रिटनमधील वादक-कलावंतांच्या कामगार संघटनेने त्यांना दंड केला. आम्ही राजकारणी नाही, आम्ही केवळ वाजवितो, अशी त्यांची बाजू होती.

ही बाजू मी दुसऱ्या एका तोंडूनही ऐकली आहे. आमच्या एका जिनातील संप तिसऱ्या आठवड्यात गेला असता आमचाच एक ढोलकीवाला मालकाच्या घरी बारशाला वाजवून आला. सभेत तो म्हणाला, "भाऊ, म्या कामावर थोडंच पाय ठेवला? ढोलकीच तं वाजवली." त्याच्या घरात पीठ नव्हते, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. तरीही आम्ही त्याला अकरा रुपये दंड केला, आणि दुसऱ्या दिवशी फाटकापुढच्या सभेत ढोलकी त्याच्याच हाती दिली. क्वीनच्या घरात पीठ भरपूर होते. म्हणून त्यांचा दोष मी अधिक मोठा मानतो. मात्र न्यायाची रीत तीच. दंड माफ करू नये, आणि ढोलकीही काढून घेऊ नये.

मर्क्युरी १९९१ साली एड्सने गेला. २९ नोव्हेंबर २००३ रोजी केपटाऊन येथे नेल्सन मंडेला यांच्या एड्सविरोधी मोहिमेसाठी जो कार्यक्रम झाला, त्यात ब्रायन मे आणि रॉजर टेलर वाजवीत होते. सत्तावीस वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाच्या व्यासपीठावर त्यांना जागा मिळाली. त्यामुळे १९८४ चा हिशेब पुसला गेला, असे मी म्हणणार नाही. पण आता ती तबकडी लावतो तेव्हा हे दोन्ही प्रसंग मला आठवतात, आणि शेवटचे गीत पूर्वीपेक्षा अधिक लक्ष देऊन ऐकावेसे वाटते.