विश्लेषण : जमीन चौकची, व्हॅल्युअर परराज्याचा, अहवाल चालतो का?

पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वे मार्गाच्या स्थानकांत चौकचे नाव आले, नवी मुंबई विमानतळ उभा राहिला आणि खालापूर तालुक्यातल्या जमिनीचे व्यवहार गावापुरते राहिले नाहीत. समजा, प्लॉट चौकचा, पण तो तारण ठेवून कर्ज काढणारी कंपनी सुरतची, बँकेची शाखाही तिकडचीच आणि किंमत ठरवणारा व्हॅल्युअर बँकेने तिथूनच पाठवलेला. त्याने प्लॉटची किंमत निम्मी लावली तर कर्ज निम्म्यावर येते. वाढवून लावली तर उद्या हप्ते थकल्यावर लिलावात खरा आकडा कळतो. मग प्रश्न येतो, महाराष्ट्रातल्या जमिनीची किंमत गुजरातचा माणूस ठरवू शकतो का?

राज्याचा परवाना लागतो का?

नाही. महाराष्ट्रात जमीन-इमारतीचे मूल्यांकन करण्यासाठी राज्य सरकारचा वेगळा परवाना नाही. देशातल्या कोणत्याही नोंदणीकृत व्हॅल्युअरला चौकमध्ये येऊन काम करता येते, आणि कर्जत-खोपोलीच्या व्हॅल्युअरला वापी किंवा बेळगावात. अमेरिकेत नेमके उलटे आहे. तिथे १९८९ च्या केंद्रीय कायद्यानंतर प्रत्येक राज्य आपापले परवाने देते. शेजारच्या राज्यातले एखादे काम घ्यायचे तर तेवढ्यापुरती तात्पुरती परवानगी काढावी लागते.

आपल्याकडे अशी सीमा का नाही, याचे कारण साधे आहे. मूल्यांकन जिथे सक्तीचे आहे ते कायदे केंद्राचे आहेत : प्राप्तिकर, कंपनी कायदा, दिवाळखोरी संहिता, बँकांची थकीत कर्जवसुली. त्यामुळे नोंदणीही केंद्राची. जमिनीचे कायदे मात्र राज्याचे. घोळ होतो तो या दोन्हींच्या सांध्यावर.

नोंदणी कोण देते?

मुख्यतः दोन नोंदण्या प्रचलित आहेत आणि लोक त्या एकच समजतात. पहिली जुनी, संपत्ती कर कायदा १९५७ च्या कलम ३४ एबीखालची. ती प्राप्तिकर खाते देत आले. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, पण त्याच्या नावाची ही नोंदणी उरली आणि इतर कामांना वापरली जात राहिली. कर गेला, व्हॅल्युअर राहिला!

दुसरी नोंदणी कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४७ ची. तिचे नियम ऑक्टोबर २०१७ मध्ये आले आणि अधिकार भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे, म्हणजे आयबीबीआयकडे गेले. स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगररचनेसारख्या विषयातला पदवीधर असेल तर ५ वर्षांचा अनुभव, पदव्युत्तर असेल तर ३ वर्षांचा. त्यावर मान्यताप्राप्त व्हॅल्युअर संघटनेचे सदस्यत्व, ५० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा. नोंदणी मालमत्तेच्या वर्गानुसार मिळते : जमीन व इमारत, यंत्रसामग्री, रोखे व वित्तीय मालमत्ता. रोख्यांचा नोंदणीकृत व्हॅल्युअर या नोंदणीवर चौकच्या गोदामाची किंमत लावू शकत नाही, मग तो चौकचाच रहिवासी का असेना. थोडक्यात, कायद्याने आखलेली सीमा राज्याची नाही, विषयाची आहे.

कोणत्या कामाला कोणाचा अहवाल?

कंपनीची मालमत्ता किंवा दिवाळखोरीचे प्रकरण असेल तर आयबीबीआयकडे नोंदलेलाच व्हॅल्युअर लागतो. बँकेने सरफेसी कायद्याखाली ताबा घेतलेल्या घराची किंवा जमिनीची राखीव किंमत ठरवायची असेल, तर २००२ च्या नियमांत ‘मान्यताप्राप्त व्हॅल्युअर’ म्हणजे कलम ३४ एबीखाली नोंदलेला आणि बँकेच्या संचालक मंडळाने मान्य केलेला. साध्या कर्जासाठी बँकेचे पॅनल. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००७ मध्ये बँकांना यासाठी लेखी धोरण करायला सांगितले आणि ५० कोटी रुपये व त्याहून जास्त किमतीच्या मालमत्तेला किमान दोन स्वतंत्र अहवाल घ्यायला लावले. जमीनमालकाने स्वतः आणलेला अहवाल कितीही चांगला असला तरी पॅनलबाहेरचा असेल तर बँक तो बाजूला ठेवू शकते. परराज्यातला व्हॅल्युअर अडतो तो इथे, पॅनलच्या यादीत. कायद्यात नाही.

खरेदीखताच्या मुद्रांक शुल्काला यातले कोणीच लागत नाही. तिथे नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते, म्हणजे रेडी रेकनर चालतो.

एजंटचे तसे नाही, असे का?

स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, २०१६ चा आणि केंद्राचाच. पण एजंटची नोंदणी राज्यनिहाय ठेवलेली आहे. रेरात नोंदलेल्या चौकच्या प्रकल्पातला फ्लॅट विकायचा असेल तर गुजरातच्या एजंटलाही महारेराची नोंदणी लागते. महारेराने २०२३ मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. त्याच फ्लॅटची किंमत लावणारा मात्र दुसऱ्या राज्यातून थेट येतो. विकणाऱ्यावर राज्याची नजर आहे, मोजणाऱ्यावर नाही.

मग अहवाल चुकतो कुठे?

कागदावरच्या शब्दांत. गुजरातेतही सातबारा असतो, म्हणून तिथल्या माणसाला आपला उतारा ओळखीचा वाटतो. पण तिथे ‘नवी शरत’ लिहितात, आपल्याकडे ‘भोगवटादार वर्ग २’. कर्नाटकात त्याच जागी आरटीसी, गोव्यात एक-चौदाचा उतारा. वर्ग २ ची जमीन विकायला परवानगी आणि बहुतेकदा नजराणा लागतो. तो न वजा करता शेजारच्या वर्ग १ च्या प्लॉटचा दर लावला की आकडा फुगतो.

कर्जत-खालापूर हा ठाकर-कातकरी वस्तीचा पट्टा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार पूर्वपरवानगी हवी. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर कुळकायद्याच्या कलम ६३ चे बंधन आहे. गिऱ्हाईक कमी तर भाव कमी, हे गावातल्या कोणालाही कळते. परगावच्या व्हॅल्युअरच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो.

त्यापलीकडे डोंगर. माथेरान पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना ४ फेब्रुवारी २००३ ची. तिच्या हद्दीत कर्जत, खालापूर तालुक्यांचा काही भाग येतो आणि तिथे बांधकामावर मर्यादा आहेत. आपला गट आत की बाहेर, हे नकाशा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्यानंतर इथल्या डोंगरउताराची जमीन न पाहता किंमत लावणे हा निव्वळ हलगर्जीपणा ठरेल. जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला लागून असलेला गुंठा आणि आत पोहोच रस्ता नसलेला गुंठा, दोन्ही १०८९ चौरस फुटांचेच. भाव मात्र एक नाही.

बाहेरच्याने स्थानिक माणसाची मदत घेतली तर?

घेता येते, आणि घ्यावीच. २०१७ च्या नियमांनुसार एक नोंदणीकृत व्हॅल्युअर दुसऱ्या नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून माहिती किंवा स्वतंत्र मूल्यांकन घेऊ शकतो. अट एवढीच की ते अहवालात उघड लिहायचे आणि जबाबदारी सही करणाऱ्यावरच राहते. स्थानिक पोराला फोटो काढायला पाठवून सुरतेत सही करणे या तरतुदीत बसत नाही. ज्या मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध आहे तिचे मूल्यांकनही करता येत नाही. आधीची आणि नंतरची ३ वर्षे त्यात धरली जातात. कंपनी किंवा तिच्या सभासदांना फसवण्याच्या हेतूने हे नियम मोडले तर १ वर्षापर्यंत तुरुंगवास आणि १ ते ५ लाख रुपये दंड आहे.

राज्याची सीमा बिलावर मात्र उमटते. स्थावर मालमत्तेशी थेट निगडित सेवेचे ठिकाण, जीएसटीच्या दृष्टीने, मालमत्ता जिथे आहे ते. त्यामुळे जीएसटीत नोंदणी असलेल्या सुरतच्या व्हॅल्युअरच्या चौकच्या कामाला आयजीएसटी लागतो, पनवेलच्या व्हॅल्युअरला सीजीएसटी आणि एसजीएसटी.

जमीनमालकाने काय पाहावे?

अहवालाखालचा नोंदणी क्रमांक. आयबीबीआयचा असेल तर तो ‘आयबीबीआय/आरव्ही’ने सुरू होतो आणि मंडळाच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव व वर्ग पडताळता येतो. मग जागेला भेट दिल्याची तारीख, गट नंबर, सातबाराचा वर्ग, तुलनेला घेतलेले व्यवहार कोणत्या गावचे. खोपोली शहरातले दर चौकला लावले असतील तर ते तिथेच दिसते. कर्जासाठीचा अहवाल बँकेचा असतो, पण त्याची प्रत मागायला हरकत नाही. आयबीबीआयकडे नोंदलेल्या व्हॅल्युअरविरुद्ध १,००० रुपये शुल्क भरून मंडळाकडे तक्रार करता येते.

घरगुती वाटणीसाठी किंवा खासगी सौद्यासाठी किंमत लावून देणाऱ्याला मात्र कोणतीच नोंदणी सक्तीची नाही. सर्व व्हॅल्युअरांसाठी एकच कायदा आणि राष्ट्रीय संस्था असावी, अशी शिफारस केंद्राने नेमलेल्या एम. एस. साहू समितीने २०२० मध्ये विधेयकाच्या मसुद्यासह केली होती. वाटणीचा आकडा हवा असलेल्या भावाभावांनी तोवर व्हॅल्युअरकडे आधी नोंदणी क्रमांक मागावा आणि त्याला सोबत घेऊन बांधावर जावे.