खर्रा आणि कपाशीवरचं फवारणीचं औषध, दोन्हींचा निशाणा एकच कसा?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अकोला-अमरावतीकडच्या गावांत सकाळी दोन गोष्टी हमखास दिसतात. पानठेल्यावर पन्नीत घोटला जाणारा खर्रा आणि पाठीवर पंप घेऊन कपाशीकडे निघालेली माणसं. या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण खर्ऱ्यातल्या तंबाखूचं निकोटिन आणि पंपातलं इमिडाक्लोप्रिड किंवा ॲसिटामिप्रिड एकाच प्रकारच्या जागेवर जाऊन बसतात. निकोटिन माणसावर जोरात चालतं, ही औषधं किडीवर. हा फरक येतो रेणूच्या रचनेतून. कसा, ते समजून घेऊया.

कुलूप आणि किल्ली

मेंदूकडून स्नायूंपर्यंत निरोप पोहोचवण्याचं काम ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन करतं. ते ज्या प्रथिनावर जाऊन बसतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. ॲसिटिलकोलिन ही किल्ली, तर रिसेप्टर हे कुलूप. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये निकोटिनच्या प्रयोगांवरून स्नायूत असा काही ग्रहण करणारा घटक असावा, असं मांडलं. निकोटिननेही हे कुलूप उघडतं, म्हणून त्याचं नावच निकोटिनिक रिसेप्टर पडलं.

निकोटिन हे अमाइन आहे, म्हणजे अमोनियासारखा नायट्रोजन असलेलं संयुग. हा नायट्रोजन एक प्रोटॉन पकडतो आणि त्यावर धनभार येतो. ॲसिटिलकोलिनवरही असाच धनभार असतो. माणसाच्या रिसेप्टरमधली खाच नेमकी या धनभाराला धरून ठेवते.

त्यात थोडाही बदल चालत नाही. नायट्रोजनवरचा छोटासा मिथाइल गट काढला, तर नॉरनिकोटिन तयार होतं आणि जोर कमी होतो. निकोटिनच्या रेणूची आरशातली प्रतिमा असावी असा उलटा रेणू घेतला, तर तोही मूळ निकोटिनपेक्षा कमी चालतो.

मग चुना कशाला?

कुलूप उघडायला धनभार लागतो, पण तोच धनभार तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून रक्तात शिरताना आडवा येतो. लाळेचा सामू साधारण ७ च्या आसपास असतो. तिथे बहुतेक निकोटिन भारित असतं, त्यामुळे ते सावकाश शोषलं जातं. चुन्यामुळे सामू वर जातो. तो ९ झाला, की जवळपास ९० टक्के निकोटिन प्रोटॉन सोडून देतं आणि भराभर आत शिरतं. रक्तात सामू ७.४ असल्यामुळे बराचसा भाग पुन्हा भारित होतो आणि कुलपात बसायला तयार होतो. चुना लावलेल्या तंबाखूची किक जोरात का लागते आणि सवय सुटता का सुटत नाही, त्याचं एक कारण हे.

आता कपाशीकडे

तंबाखूचा काढा फवारून किडी मारायची पद्धत जुनी आहे. पण किडीच्या मज्जासंस्थेभोवतीचं आवरण भारित निकोटिनला सहज आत येऊ देत नाही. शिवाय ते माणसालाच जास्त घातक. १९८५ मध्ये जपानमध्ये शिंझो कागाबू आणि सहकाऱ्यांनी इमिडाक्लोप्रिड तयार केलं. १९९१ पासून ते बाजारात आलं. याच गटाला निओनिकोटिनॉइड म्हणतात.

यात धनभाराचा नायट्रोजन नाही. त्याऐवजी नायट्रो किंवा सायनो गटाचं ऋणभाराकडे झुकलेलं टोक आहे. भार नसल्यामुळे हा रेणू किडीच्या नसांपर्यंत पोहोचतो. किडीच्या रिसेप्टरमध्ये या टोकाला धरणारा धनभारित भाग असतो. माणसाच्या रिसेप्टरची खाच वेगळी असल्यामुळे तिथे पकड ढिली राहते. म्हणून मावा, तुडतुडे, पांढरी माशी मरतात आणि माणूस तुलनेने वाचतो.

म्हणजे माणसाला धोका नाही?

आहे. इमिडाक्लोप्रिडचं शरीरात विघटन होताना नायट्रो टोक गळालेला एक पदार्थ तयार होतो. त्याच्या नायट्रोजनवर पुन्हा धनभार येतो आणि तो निकोटिनसारखाच माणसाच्या कुलपात घट्ट बसतो. मधमाशीचं कुलूपही किडीसारखंच असतं. त्यामुळे युरोपियन युनियनने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइडचा उघड्या शेतातला वापर बंद केला.

२०१७ मध्ये अमरावती विभागातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. तेव्हा मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही नावं चर्चेत होती. ही ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं कुलपात बसत नाहीत. काम झालेलं ॲसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम ती बंद पाडतात. मग किल्ल्या साचत जातात आणि कुलूप उघडंच राहतं. या विषबाधेत ॲट्रोपिन दिलं जातं. इमिडाक्लोप्रिडवर असा ठरलेला उतारा नाही, लक्षणं पाहून उपचार करावे लागतात.

त्यामुळे कुणाला फवारताना मळमळ, घाम, चक्कर असा त्रास झाला, तर त्याला दवाखान्यात नेताना औषधाची बाटली किंवा पाकीटही सोबत न्या. लेबलवरचं नाव दिसलं, की डॉक्टरांचा वेळ वाचतो. आणि फवारणीच्या हातांनी खर्रा तोंडात टाकू नका. चुन्याने निकोटिन आत जातंच, हाताला लागलेलं औषधही त्याच घासाबरोबर पोटात जातं.