टायरमधली हवा आणि वैशाखाचे ऊन

गोंदिया जिल्ह्यातील देवरी हे गाव राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर आहे. जुनी माणसे याच रस्त्याला अजून 'सहा नंबर' म्हणतात. नागपूर आणि रायपूर यांच्या दरम्यान धावणारे अवजड ट्रक येथून जातात. ढाब्यापाशी ट्रक थांबला की क्लीनर खाली उतरतो आणि लोखंडी दांड्याने एकेका टायरवर ठोका मारीत गाडीभोवती फिरतो. हवा पुरेशी असेल तर दांडा टणकन उसळतो, नसेल तर आवाज बद्द येतो. ही तपासणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मागच्या जोडचाकांपैकी एका टायरची हवा गेली, तरी शेजारचा टायर त्याचा भार उचलून धरतो आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. मात्र चार-पाच पौंडांची घट कानाला कळत नाही. तिच्यासाठी दाबमापकच हवा.

भार खरोखर कोण पेलते? समजा, एका मोटारीचे वजन १००० किलोग्रॅम आहे. प्रत्येक चाकावर साधारण २५० किलोग्रॅम भार येईल. टायरमधील दाब दर चौरस इंचाला ३२ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलोग्रॅम. भागाकार केला तर रस्त्याला टेकलेला भाग सुमारे १११ चौरस सेंटिमीटर येतो. आपले पोस्टकार्डसुद्धा याहून थोडे मोठे असते! ब्रेक लावणे, वळणे, सारे काही अशा चार तुकड्यांच्या भरवशावर चालते.

दाब कमी झाला की हा तुकडा पसरतो आणि टायरच्या बाजू अधिक वाकतात. खाली टाकलेला रबरी चेंडू पहिल्या उंचीपर्यंत परत उसळत नाही, हे तुम्ही पाहिलेच असेल. दाबले गेलेले रबर घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. तिच्यातील काही भागाची उष्णता होते. एक मीटर व्यासाचे चाक ताशी ६० किलोमीटर वेगाने धावताना एका तासात सुमारे १९,००० फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा वाकतो आणि सरळ होतो. हवा कमी असेल तर उष्णता इतकी साठते की आतील थरांची एकमेकांवरची पकड सुटू लागते आणि टायर फुटतो. वरून उन्हाने तापलेला रस्ता, जास्तीचा माल आणि वेग यांची भर पडतेच.

आता आपल्याकडच्या एका सवयीकडे वळू. मे महिन्यात गाडी दूरवर चालवल्यावर दाब वाढलेला दिसतो. मग 'टायर फुटेल' या भीतीने थोडी हवा सोडून देतात. गणित करून पाहा. सकाळी २७ अंश सेल्सिअसला दाब ३२ पौंड होता. मापक वातावरणाचा दाब मोजत नाही. तो सुमारे १५ पौंड मिळवला की खरा दाब ४७ होतो. टायरमधील हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर निरपेक्ष तापमान ३०० वरून ३३३ केल्व्हिन होते. घनफळ फारसे बदलत नसल्याने दाब ४७ × ३३३ ÷ ३००, म्हणजे सुमारे ५२ होईल आणि मापक ३७ दाखवील. ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेली असते. पण तापलेल्या टायरमधून पाच पौंड सोडले, तर निवल्यावर मापक २७ वर येतो. दुसऱ्या दिवशी गाडी निघते ती हवा कमी असलेल्या टायरवर, म्हणजे जे टाळायचे तेच ओढवून घेऊन! नायट्रोजन भरला तरी हा नियम चुकत नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

म्हणून दाब मोजावा तो गाडी काही तास उभी राहिल्यावर, आणि जुळवावा तो मोटारीच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेल्या आकड्याशी. टायरच्या बाजूवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, पुष्कळजण नेमका तिथेच घोटाळा करतात. झीजही पुष्कळ सांगते: दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल उरली, तर पावसात पाणी बाहेर फेकले जात नाही आणि चाक पाण्यावर तरंगते. टायरचे वय त्याच्या बाजूवरच्या चार आकड्यांत असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. मेच्या दुपारी ४५ अंशांना, गाडी उभी असताना, ३२ पौंड हवा भरली आणि नंतर कोणी पाहिलेच नाही. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना, हवा मुळीच गळाली नाही असे धरले तरी, मापक किती दाखवील?